भायखळा ते खांब : जे. जे. रुग्णालयाच्या टाटा प्लॅस्टिक सर्जरी विभागाचा इतिहास

मुंबई-गोवा महामार्गाने नागोठणं मागे पडलं की कोलाडच्या अलीकडे खांब लागतं. रोहा तालुक्यातलं गाव. सपाटीला भातखाचरं, डोंगराच्या अंगाला कातकऱ्यांच्या आणि ठाकरांच्या वाड्या. भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय इथून शंभर किलोमीटरहून थोडं जास्तच आहे, पण आमच्याकडे ते नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रोह्याला जमलं नाही तर अलिबाग, अलिबागला जमलं नाही तर जेजे, अशा आमच्या पायऱ्या ठरलेल्या.

बरीच वर्षं मी या पट्ट्यातल्या पेशंटांबरोबर रुग्णमित्र म्हणून जेजेत येतो. केसपेपर काढायचा, योजनेचे कागद लावायचे, रक्ताची सोय बघायची आणि डॉक्टर काय म्हणाले ते आईबापांना जिन्याखाली उभं राहून पुन्हा एकदा नीट सांगायचं, हे माझं काम. त्यात सगळ्यांत जास्त येणं-जाणं झालं ते टाटा प्लॅस्टिक सर्जरी विभागात, आणि तेही चेहऱ्याचं किंवा कवटीचं व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांसाठी. या स्मरणिकेत विभागाचा इतिहास लिहायचा तर मी तो रायगडच्या बाजूनेच लिहू शकतो. त्याला कारणही आहे. ज्यांनी हा विभाग उभा केला, तेच पुढे आमच्या जिल्ह्यात, मांडव्याला आले. चेहरे घडवणारा सर्जन खेड्यात का आला, हे कळलं की या विभागाचं खरं काम कुठून कुठवर पसरलेलं आहे तेही कळतं.

नाक-ओठ नव्याने घडवण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत कान, नाक आणि ओठ सांधण्याच्या कृती आहेत. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये पुण्याची एक हकीकत छापून आली. इंग्रजी फौजेत बैलगाडी हाकणारा कावसजी टिपू सुलतानाच्या माणसांच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुढे पुण्यात विटा-मडकी घडवणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाच्या कातडीचा पट्टा खाली वळवून नवं नाक बसवलं. ते वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली आणि ही पद्धत युरोपात पसरली. गाडीवानाचं नाव इतिहासात राहिलं. ज्याच्या हाताने ते नाक झालं त्याचं नाव मात्र कुणी टिपून ठेवलं नाही. मला याची खंत वाटते.

पुढे पहिल्या महायुद्धाने या विद्येला रुग्णालय मिळवून दिलं. तोफगोळ्यांनी चेहरे उडालेले सैनिक हजारोंनी परतू लागले, तेव्हा हॅरॉल्ड गिलीज यांच्या पुढाकाराने इंग्लंडमध्ये सिडकप इथे १९१७ मध्ये खास चेहऱ्याच्या जखमांसाठी रुग्णालय उघडलं. युद्ध संपल्यावर ते हात जन्मजात व्यंगांकडे वळले. गिलीज यांनी तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एका पेशंटचा आत दबलेला अख्खा मध्य-चेहरा कवटीपासून सोडवून पुढे आणण्याचं धाडस केलं. १९५० मध्ये त्यांनी ती केस छापली, पण निकाल त्यांच्या मनासारखा टिकला नव्हता. या गिलीज यांच्या हाताखाली शिकलेले एक तरुण पारशी सर्जन नंतर भारतात परतले. ते डॉ. नोशीर अंटिया.

परतल्यावर अंटिया यांनी हात घातला तो पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयातल्या पेशंटांच्या उपचाराला. बसलेलं नाक, गळालेल्या भुवया, लोंबलेली कातडी, वळलेली बोटं. रोग बरा झाला तरी चेहऱ्यावरची खूण जात नाही आणि ती खूण असेपर्यंत गाव माणसाला परत घेत नाही, हे त्यांनी तिथे जवळून पाहिलं. कुष्ठरुग्णाला वेगळ्या वस्तीत टाकू नये, त्याच्यावर साध्या रुग्णालयात चारचौघांबरोबरच उपचार व्हावेत, हा आग्रह त्यांनी पुढे आयुष्यभर धरला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते जेजेत आले आणि टाटांच्या देणगीतून त्यांनी जो विभाग उभा केला तो हा टाटा विभाग.

त्याच सुमारास, १९५८ मध्ये, नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लॅस्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग सुरू केला. देशातला असा तो पहिला मानला जातो. फाटलेल्या ओठ-टाळूची वर्गवारी करण्याची जी पद्धत भारतभरचे सर्जन केसपेपरवर वापरतात, ती बालकृष्णन यांनी १९७५ मध्ये मांडली आणि तिला नागपूरचंच नाव चिकटलं. पहिला गट फक्त ओठाचा, दुसरा फक्त टाळूचा, तिसरा ओठापासून टाळूपर्यंत सरळ गेलेल्या फटीचा. ती इतकी सोपी आहे की गावातल्या आशाताईलाही एका बैठकीत समजते, आणि पद्धतीची खरी किंमत माझ्या मते हीच. नाहीतर चिठ्ठीवर नुसतं ‘ओठ फाटका’ एवढंच लिहून येतं आणि तोंडातली टाळू कुणी पाहिलेलीच नसते.

इथे थोडं थांबून व्यंगांबद्दल सांगायला हवं, कारण विभागाचा इतिहास त्यांच्यामुळेच घडला.

गर्भाचा चेहरा एकाच तुकड्याचा तयार होत नाही. चौथ्या ते आठव्या आठवड्यात नाकाच्या बाजूने एक भाग खाली येतो, दोन्ही गालांकडून दोन भाग पुढे सरकतात, आणि ते एकमेकांना मिळून वरचा ओठ होतो. कुठे मिळणं राहून गेलं की ओठात फट राहते, एका बाजूला किंवा दोन्ही. टाळूचे दोन पाट त्यानंतर, साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत, मधोमध जुळतात. म्हणजे बाईला दिवस गेल्याचं घरात नीट कळेपर्यंत बाळाचा ओठ होऊनही गेलेला असतो, आणि उपकेंद्रात नाव घालायला ती येते तेव्हा टाळूचंही काम उरकत आलेलं असतं. फॉलिक अॅसिडची गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून हवी, असं डॉक्टर का सांगतात ते यावरून ध्यानात येईल. कारणं एकेरी नसतात: काही अनुवंशाचा भाग, काही पोषणाचा, आईचं धूम्रपान, फेफऱ्यावरची काही औषधं. पुष्कळ मुलांच्या बाबतीत नेमकं बोट ठेवता येत नाही.

ग्रहणावर मात्र बोट लगेच ठेवलं जातं. ‘सुनेने ग्रहणात विळी हाती घेतली’ हे वाक्य मी खांबच्या आसपास किती घरांत ऐकलं असेल! बाळंतीण आधीच खचलेली, त्यात तिच्यावरच आळ. म्हणून ओपीडीत डॉक्टरांनी सासूबाईंना पुढे बोलावून, आईच्या देखत, ‘आजी, यात हिची काही चूक नाही’ असं मोठ्याने सांगितलं, की पुढचा निम्मा उपचार तिथेच झाला असं मी समजतो. हे सांगणं केसपेपरवर कुठे लिहिलं जात नाही, पण या विभागातले चांगले डॉक्टर ते न विसरता करतात, आणि त्याची नोंद स्मरणिकेत तरी व्हावी.

जगभरचा हिशेब धरला तर साधारण सातशे जन्मांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू फाटलेली असते. एका प्राथमिक आरोग्य केंद्राकडे तीस हजार वस्ती धरली, तर तिथल्या नर्सबाईंना वर्ष-दीड वर्षात असं एखादं बाळ दिसणार. रोजच्या सवयीची गोष्ट नसल्यामुळे त्या बिचाऱ्याही गांगरतात. घरचे विचारतात, हे पितं कसं? नुसता ओठच फाटलेला असेल तर बाळ बहुधा अंगावर पिऊ शकतं. टाळू फाटलेली असली की तोंडात ओढ धरत नाही, दूध नाकातून येतं, बाळ दमतं आणि उपाशी झोपतं. अशा वेळी आईने दूध पिळून काढायचं, बाळाला उभं धरायचं आणि वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने थोडं थोडं पाजायचं, मध्ये मध्ये ढेकर काढायची. पितळी-चांदीची बोंडली आमच्याकडे जुन्या घरांत माळ्यावर पडून आहेत. मी ती काढायला लावतो, उकळून घ्यायला सांगतो. बाळाच्या गालाच्या आत, जिभेच्या कडेला बोंडल्याची चोच टेकवून दूध हळूहळू सोडलं की ते गिळतं. पहिल्यांदा हे जमलं की आईच्या तोंडावर जे दिसतं ते पाहण्यासारखं असतं.

हे पाजणं का महत्त्वाचं, तर शस्त्रक्रियेला बाळ तगडं लागतं. जुना ठोकताळा दहाचा आहे: वय दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे साडेचार किलो, रक्त दहा ग्रॅम. आमच्या वाड्यांवरची बाळं साडेचार किलोला पोहोचेपर्यंत पाच-सहा महिने जातात. डॉक्टरांनी ‘वजन वाढवून आणा’ म्हणून परत पाठवलं की आईबापांना वाटतं, नाकारलं. तसं नसतं, हे जिन्याखाली उभं राहून सांगायचं काम माझं.

ओठाची शस्त्रक्रिया मी आत जाऊन पाहिलेली नाही. मात्र एका सर्जनने मला कागदावर ती काढून दाखवली होती. आधी जांभळ्या शाईचे बारीक ठिपके. ओठाच्या कमानीची टोकं, नाकपुडीचा तळ, नाकाखालच्या पन्हळीची कड. प्रत्येक अंतर कंपासने मोजायचं, कारण तीन महिन्यांच्या ओठावरची एका मिलिमीटरची चूक विसाव्या वर्षी आरशात दिसते. मग चांगल्या बाजूचा वर ओढला गेलेला भाग खाली फिरवायचा आणि दुसऱ्या बाजूचा भाग त्या जागेत पुढे सरकवायचा. ही पद्धत राल्फ मिलार्ड यांनी १९५५ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत मांडली. तेही गिलीज यांचेच सहकारी. दोघांनी मिळून लिहिलेला ग्रंथ पुढच्या पिढ्यांनी वापरला. कातडीएवढंच महत्त्व आतल्या स्नायूला आहे. तो नीट जोडला नाही तर बाळ गप्प असताना ओठ बरा दिसतो आणि हसलं की वाकडा होतो. शस्त्रक्रियेनंतर बाळाने टाक्यांना हात लावू नये म्हणून कोपरांना पुठ्ठ्याच्या नळ्या बांधतात. वॉर्डात अशी दोन्ही हात ताठ झालेली बाळं आयांच्या मांडीवर रडत असतात, आणि शेजारच्या खाटेवरची आई आपल्या बाळाचे टाके दाखवून नवख्या आईला धीर देते.

ओठ शिवला की घरच्यांना वाटतं, झालं. इथेच गाडं अडतं. ओठ लोकांना दिसतो. टाळू दिसत नाही. टाळूची शस्त्रक्रिया साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान व्हायला हवी, कारण मूल बोलायला लागण्याआधी तोंड आणि नाक वेगळं झालं पाहिजे. ते हुकलं तर मूल गेंगाणं बोलतं. प, ब, क, ट हे वर्ण फुटत नाहीत, हवा नाकातून निसटते. अशा मुलांच्या कानाच्या आत पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं, तेही तपासावं लागतं. आठ-दहाव्या वर्षी, सुळा उगवायच्या आधी, कमरेच्या हाडाचा चुरा घेऊन हिरडीतली फट भरायची. मग दातांना तारा. वाढ संपल्यावर जबडा मागे राहिला असेल तर तो पुढे आणायचा, शेवटी नाक सरळ करायचं. बाळाच्या पहिल्या केसपेपरपासून मिसरूड फुटेपर्यंतचा हा प्रवास आहे. जेजेच्याच समूहातल्या सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे, आणि वांद्र्याला १९८३ मध्ये सुरू झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था आहे. खांबच्या आईबापांना हे तिन्ही पत्ते पाठ करायला लागतात.

कवटीच्या व्यंगांची गोष्ट याहून अवघड. नवजात बाळाची कवटी एकसंध नसते. हाडांच्या पाट्या एकमेकींना लागून असतात आणि त्यांच्या मधले सांधे मोकळे असतात. पहिल्या वर्षात मेंदू दुपटीहून अधिक वाढतो, त्याला जागा या मोकळ्या सांध्यांमुळे मिळते. एखादा सांधा पोटातच किंवा जन्मल्यावर लगेच बुजला, तर डोकं दुसऱ्या दिशेने वाढतं. मधला सांधा बुजला तर लांबट आणि अरुंद, कपाळाचा बुजला तर पुढे टोकदार. अनेक सांधे बुजले तर मेंदूवर दाब येतो, डोळ्यांची नस सुकू शकते. क्रूझाँ आणि अॅपर्ट या फ्रेंच डॉक्टरांच्या नावाने ओळखले जाणारे दोन प्रकार त्यातलेच: डोळे बाहेर, गालाचा भाग आत, श्वासाला त्रास; अॅपर्टमध्ये हातापायांची बोटंही जुळलेली. दोन्हींचं मूळ एका जनुकातल्या बदलात आहे, हे १९९० च्या दशकात कळलं.

गिलीज जिथे थांबले होते तिथून पुढचं काम पॅरिसच्या पॉल टेसिए यांनी केलं. १९६७ मध्ये रोमच्या परिषदेत त्यांनी दाखवलं, की न्यूरोसर्जनला बरोबर घेऊन कवटी आतून उघडली तर डोळ्यांच्या खोबण्या हाडासकट सुट्या करून जवळ आणता येतात, दबलेला चेहरा पुढे आणता येतो, आणि पेशंट जगतो. त्याआधी मेंदू आणि चेहरा यांच्या मधल्या हाडाला कुणी हात लावत नव्हतं. चेहऱ्यावरच्या दुर्मीळ फटींना ० ते १४ असे क्रमांक देणारी त्यांची १९७६ ची पद्धत आजही चालते. या कामाला एकटा सर्जन पुरत नाही. न्यूरोसर्जन, लहान मुलांना भूल देणारे डॉक्टर, डोळ्यांचे, दातांचे, अतिदक्षता विभागातल्या परिचारिका, रक्तपेढी, एवढी माणसं एका दिवशी एका ठिकाणी लागतात. म्हणून अशी मुलं मोठ्या शिकवणाऱ्या रुग्णालयांकडेच न्यावी लागतात, आणि ती पहिल्या वर्षाच्या आत न्यावी लागतात.

नेमकं इथे खेडं आडवं येतं. लांबट डोकं म्हणजे ‘मामावर गेलाय’, असं म्हणून घरचे गप्प बसतात. पण बाळाला न्हाऊ-माखू घालणाऱ्या बाईच्या हाताला डोक्याची टाळू मऊ आहे की भरून आलीये, सांध्यावर हाडाचा कंगोरा लागतोय का, हे कुठल्याही यंत्राआधी कळतं. आमच्या गावांत अशा जाणत्या बाया अजून आहेत. त्यांना दोन गोष्टी समजावून सांगितल्या तर जिल्ह्यातलं एकही मूल उशिरा पोहोचणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

हे मत माझं म्हणून सांगतोय, पण ते पहिल्यांदा अंटियांनी आमच्याच जिल्ह्यात करून दाखवलं. टाटा विभागात जळालेल्या बायका, कुष्ठरोगाने वाकडी झालेली बोटं, उशिरा आणलेली मुलं यांची रांग संपत नव्हती. एकेका चेहऱ्यावर आठवडे खर्च करायचे आणि दारात तसेच पुढचे उभे. यातलं पुष्कळ दुखणं गावातच थांबवता आलं असतं, किंवा वेळेवर आलं असतं तर सोपं झालं असतं, हे त्यांना खुपत होतं. १९७० च्या दशकात त्यांनी समुद्रापलीकडे, अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याच्या परिसरात काम सुरू केलं. तेव्हा जिल्हा कुलाबा होता. रायगड हे नाव १९८१ मध्ये आलं. सुमारे तीस हजार वस्तीच्या गावांतून त्यांनी बायका निवडल्या, गावातल्याच, बऱ्याचशा जेमतेम शिकलेल्या. क्षयाचा खोकला ओळखणं, कुष्ठरोगाचा बधिर चट्टा ओळखणं, गरोदर बाईवर लक्ष ठेवणं, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी देणं, हे सगळं त्या शिकल्या आणि उत्तम करू लागल्या. मुंबईतल्या नामांकित सर्जनने ठणकावून सांगितलं, की आरोग्याचं बरंचसं काम या बाया डॉक्टरपेक्षा चांगलं करतात. १९७५ मध्ये त्यांनी ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ ही संस्था काढली.

मांडव्याचा प्रयोग फार काळ टिकू दिला गेला नाही. गावातल्या सत्ताधाऱ्यांना गरिबाघरच्या बायकांच्या हातात आलेली ही ताकद रुचली नाही आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो बंद पडला. संस्थेने नंतर पुरंदर तालुक्यातल्या परिंचे भागात तेच काम पुढे चालवलं. आज गावोगावच्या आशाताई जे करतात त्याची पूर्वखूण मांडव्यात आहे, आणि तिचं मूळ या टाटा विभागाच्या वॉर्डात आहे. अंटियांना १९९० मध्ये पद्मश्री मिळाली. २००७ मध्ये ते गेले. प्लॅस्टिक सर्जनांच्या पुस्तकांत त्यांचं नाव कानाची कड दुरुस्त करण्याच्या पद्धतीसाठी येतं. डॉ. बुच यांच्याबरोबर १९६७ मध्ये त्यांनी ती छापली, आणि जगभर ती दोघांच्या जोडनावाने चालते. आमच्या जिल्ह्यात त्यांचं नाव त्या बायांसाठी यायला हवं.

सगळ्यांनी हाच मार्ग धरला असं नाही. डॉ. शरदकुमार दीक्षित अमेरिकेतून दर वर्षी भारतात येत आणि शिबिरांतून फाटके ओठ, पडलेल्या पापण्या, चेहऱ्यावरचे व्रण यांच्यावर मोफत शस्त्रक्रिया करत. १९६८ पासून त्यांनी ‘इंडिया प्रोजेक्ट’ चालवला, आणि अपघाताने अर्धं अंग लुळं पडल्यावर, कर्करोगाने स्वरयंत्र गेल्यावरही तो सोडला नाही. २००१ मध्ये पद्मश्री, २०११ मध्ये निधन. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेने त्यांची शिबिरं महाराष्ट्रात भरवली. एका दिवसात ओळीने कितीतरी मुलांचे ओठ जुळायचे. या माणसापुढे मी मनापासून नतमस्तक आहे. तरी शिबिर उठतं आणि मूल गावातच राहतं, हेही खरं. त्याच्या टाळूला, कानाला, दातांना आणि बोलण्याला वर्षानुवर्षं उघडं असणारं दार लागतं, आणि असं दार सरकारी रुग्णालयाचंच असू शकतं.

त्या दारापर्यंतचा रस्ता गेल्या काही वर्षांत रुंद झाला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात रायगड होता. पुढे तिला महात्मा जोतिबा फुले यांचं नाव मिळालं. ओठ-टाळूच्या शस्त्रक्रिया तिच्यात बसतात. त्याआधी इंजेक्शनं-औषधं बाहेरून आणण्यासाठी बाप गावात उसने मागत फिरायचा. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात पालघरला झाली. त्यातली पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाऊन मुलं तपासतात. जन्मजात व्यंगांच्या त्यांच्या यादीत फाटलेला ओठ आणि टाळू आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या स्माइल ट्रेनसारख्या संस्था इथल्याच डॉक्टरांना खर्च देतात. या सगळ्यामुळे नुसता ओठ न शिवलेला तरुण आता आमच्याकडे सहसा दिसत नाही. मी या कामात आलो तेव्हा दिसायचा. लग्नाच्या वयाचे मुलगे रुमाल तोंडावर धरून ओपीडीत बसलेले मी पाहिले आहेत.

उणीव राहिली आहे ती वाचा-उपचारांची. टाळू शिवली की बोलणं आपोआप सुधारत नाही. चुकीच्या जागी वर्ण उमटवायची जिभेला सवय झालेली असते, ती महिनोन्‌महिने, आठवड्याला एकदा तरी बसून मोडावी लागते. रोह्याच्या एखाद्या वाडीतल्या मजुराने दर आठवड्याला वांद्र्याला जायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली, शिवाय एसटीचं आणि लोकलचं भाडं. तीन-चार वेळा येतात, मग येत नाहीत. मूल पहिलीत जातं, पोरं त्याच्या बोलण्याची नक्कल करतात, आणि ते बोलणंच सोडून देतं. शिवलेल्या ओठामागे गप्प बसलेलं असं मूल पाहिलं की मला ऑपरेशनच्या तारखा जुळवण्याची सगळी धडपड अर्धी वाटते. अंगणवाडीताईला प-ब-म, त-द, क-ग यांचे साधे सराव शिकवून, महिन्याकाठी फोनवर तज्ज्ञाला दाखवून हे गावात होऊ शकतं. मांडव्याच्या बायांनी याहून अवघड गोष्टी केल्या होत्या.

दुसरी अडचण वीटभट्टीची. आमच्याकडची कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर पोराबाळांसह भट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. अंगणवाडीच्या तपासणीत मूल गैरहजर, जेजेची तारीख आली तर कुटुंब दुसऱ्या जिल्ह्यात, फोन मुकादमाकडे. टाळूच्या वयाची खिडकी अशीच निघून जाते. याला विभागातल्या डॉक्टरांनी आणि आम्ही मिळून साधासा मार्ग काढला. अशा मुलांच्या केसपेपरच्या कोपऱ्यात ‘भट्टी’ असं लिहून ठेवायचं आणि तारीख देताना जूनच्या आधीची द्यायची नाही. जून-जुलैत आवणीची मजुरी असते, तेव्हाही कुणी हलत नाही. म्हणून खांब-कोलाड पट्ट्यातल्या या मुलांच्या शस्त्रक्रिया आम्ही श्रावण ते दिवाळी या काळात धरतो, आणि टाके सुकून पहिली फेरतपासणी होईपर्यंत कुटुंबाने मुकादमाची उचल घेऊ नये, एवढं वाडीतल्या जाणत्या माणसाला आधीच सांगून ठेवतो.